कोरड्या नदीत बांधलेली शेळी

चिरंजीव कोंडीबा (वय वर्षं सत्तर) यास थोरली बहीण धोंडुबाईचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? मेंढरं, लेकरं, सूनबाई खुशाल असतील. माझे गुडघे अजून लटपटतात, त्याचंच हे पत्र. फोनवर तू नुसता "आँ? आँ?" करतोस, म्हणून नात राणी लिहून घेते आहे.

राणीची नोकरी वनखात्यात, कासवांची अंडी राखायची. (आपण मेंढरं राखली, हिनं अंडी. घराणं टिकलं.) गाव खाडीच्या तोंडावर. इथं नदी समुद्राला भेटायच्या आधी फाटते आणि चार वाटांनी जाते, मधे वाळूचे पट्टे. मला पिशवीतलं दूध पचत नाही म्हणून तुझी कबरी शेळी मी टेंपोतून आणली होती, हे तू विसरला नसशीलच.

तर मंगळवारी सकाळी बघते, एका वाटेत पाण्याचा टिपूस नाही. आपल्या माणगंगेत वर्षाचे दहा महिने आपण शेळ्या बांधतो, तशी मी बिनघोर पात्रात उतरले, मधल्या पट्ट्यावर खुंटी ठोकली, शेळी बांधली आणि पदर तोंडावर घेऊन आडवी झाले. डोळा उघडला तर पाणी. पाऊस नाही, धरणाचा भोंगा नाही, आणि कोंडीबा, पाणी खालून वर चाललेलं! उलटी चालणारी नदी मी जन्मात पाहिली नव्हती. वाटलं, जग बुडायला लागलं, आणि देवानं सुरुवात कोकणातून केली. पट्टा खाटेएवढा उरला. पलीकडं चिखलात एक ओंडका होता. त्याला धरून तरावं असं मनात येतंय, तोवर ओंडक्यानं जांभई दिली. मगर! माझा आवाज बसला. (माझा, बरं का.) लांडग्याला मी काठी दाखवून पिटाळलंय, पण ही बया पाण्यात शिरली आणि दिसेनाशीच झाली. दिसत होती तोवर बरं होतं रं.

शेळी सोडून छातीशी धरली. पाणी घोट्याला, मग पोटरीला. शेवटी पप्पू नावाचा होडीवाला आला नि ओरडला, "आजी, आधी तुम्ही चढा, शेळी राहू दे!" म्हटलं, "शेळी आधी. ती माझ्या भावाची हाय. मी कुणाची न्हाई." (राणी, नाक मुरडू नको. लिही.)

दोघी वाचलो. पण आता मी खाटेवरून पाय खाली सोडत नाही.

तुझी थोरली,
धोंडुबाई (अंगठा)

ता. क. शेळी परवा त्याच टेंपोतून, फेरीबोटीवर चढून, खाडीपार झाली. रवंथ करत गेली. मीही निघाले होते. फळीवर एक पाय ठेवला आणि माघारी आले. काल पुन्हा गेले, पुन्हा आले.

आणखी एक. राणी म्हणते, लांबून पुलावरून रस्ता आहे. पण पुलाखाली काय असतं? तेच. म्हणून तूच ये मला न्यायला. राणी हात धरते, पण तिला भीती कसली ती ठाऊक नाही, त्या हाताचा काय उपयोग? मला माझ्यापेक्षा जास्त भिणारं माणूस पाहिजे, म्हणजे त्याला धीर देता देता मी पार होईन. असा अख्ख्या माण तालुक्यात तू एकटाच आहेस.