तळघरातील एका पिंपाची जागा मुलीस मिळण्याबाबत

प्रति,
मा. निवास व इंधनसाठा अधिकारी,
नगरपरिषद कार्यालय

अर्जदार : बसचालक, नगरपरिषद वसाहत, मागची इमारत, तळमजला

विषय : तळघरातील डिझेलचे एक पिंप हलवून ती जागा माझ्या मुलीस देण्याबाबत.

संदर्भ : ज्वलनशील साठा बॉम्बरोधक जागेतच ठेवण्याविषयीचा आपला आदेश.

महोदय,

१. वरील आदेशानुसार आपल्या कार्यालयाच्या जनरेटरचे डिझेल आमच्या तळघरात ठेवण्यात आले. इमारतीत बॉम्बरोधक जागा तेवढी एकच, आणि हल्ल्याच्या वेळी भाडेकरूंनी तिथेच बसावे असा आपलाच जुना आदेश आहे. दोन्ही पाळता येईनात, म्हणून पिंपे आत ठेवून आम्हांला जिन्यात बसवण्यात आले. चोरी होऊ नये म्हणून दाराला कुलूप आणि कुलपाला बंदूकधारी चौकीदार. उंटावरून शेळ्या हाकल्यावर दुसरे काय व्हायचे.

२. मंगळवारी दुपारी तोफगोळा जिन्यावर पडला. वरच्या पायऱ्या खालच्या माणसांवर कोसळल्या, अंथरुणे पेटली. जे उठू शकले ते तळघराच्या दाराकडे धावले. "साहेबांच्या सहीशिवाय उघडणार नाही, माझी नोकरी जाईल," असे म्हणत चौकीदाराने बंदुकीच्या दस्त्याने शेजारच्या मास्तरांचे दात पाडले. मागून रेटा वाढला. माझी पत्नी दारापाशी चेंगरली आणि तिथेच तिचे कपडे पेटले. मी हातांनी विझवत होतो. ती शेवटपर्यंत मुलीला माझ्याकडे ढकलत राहिली.

३. नंतर लोकांनी चौकीदाराला त्याच्याच बंदुकीने बदडून काढले. त्यात माझाही हात होता आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. तो सध्या दवाखान्यात मास्तरांच्या शेजारच्याच खाटेवर आहे.

४. काल आपले निरीक्षक आले. रक्ताच्या डागांवरून पाय उचलून आत गेले, पिंपांवर हात फिरवून पाहिला, साठा सुखरूप असल्याचे सांगितले आणि नवे कुलूप लावून गेले. आमच्यापैकी कोण उरले हे त्यांनी विचारले नाही.

५. भोंगा वाजला की मुलगी आता त्या कुलपाला जाऊन चिकटते. ओढून काढावी लागते. सगळ्या भाडेकरूंसाठी मागत नाही, मागून थकलो. फक्त तिच्यापुरती जागा द्यावी. ती पिंपापेक्षा हलकी आहे, गळत नाही. पेटत नाही असेही लिहिणार होतो, पण तिच्या आईला पेटताना मी पाहिले आहे, तेव्हा खोटे लिहीत नाही. नियमात माणसाला जागा नसेल तर तिची नोंद ज्वलनशील साठा म्हणून करावी. म्हणजे आपलाच आदेश तिला लागू होईल.

पुढचा भोंगा वाजण्याआधी निर्णय कळवावा, एवढीच विनंती.

आपल्या इमारतीत अजून राहणारा,
(सही डाव्या हाताची आहे, उजवा भाजला आहे.)
दिनांक : हल्ल्यानंतरचा शुक्रवार

सोबत : बसलेल्या मुलीची उंची मोजलेला दोरा. पिंपाला लावून पाहावा, कमीच भरेल.