अण्णाच्या पोटातले जंतू

४ ऑगस्ट
अण्णा शेवटी शौचाचा नमुना द्यायला हो म्हणाला. माझा सख्खा थोरला भाऊ, शौचातून रक्त पडतंय, ताटावरून निम्म्यात उठतोय, आणि विचारलं की म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" आणि मी इथं बेळगावात ह्याच दुखण्यावर, आतड्याच्या सुजेवर, पीएच.डी. करतेय! आजारी माणसाच्या आतड्यातले जंतू उंदरांच्या पोटात सोडायचे, त्यांनाही तेच होतं का बघायचं. अण्णाला सांगितलं तर म्हणतो, "त्ये न्हेऊन उंदराला घालणार? एवढं शिकून ह्ये करतीस व्हय गं?" पण संमतीपत्रावर सही केली. अ‍ॅडमिट व्हायचं मात्र नाव नाही. लावणी उरकू दे म्हणे.

७ ऑगस्ट
नमुना आला. वहिनीच घेऊन आली जांबोटीहून, बर्फात डबा, वर रुमालाची गाठ. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं तर "मासळी हाय" म्हणाली. धन्य!

९ ऑगस्ट
जंतू वाढवायच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. माणसाच्या शौचात जंतू नाहीत, कसं शक्य आहे? मॅडम, माझ्या गाइड, नुसत्या बघत राहिल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले.
मग वहिनीला फोन. "वाईच फिनेल वतलं गं त्यात. मॅडमच्या हातात जाणार, वास मारतंय, बरं दिसतंय व्हय?"
कपाळ बडवून घेतलं. मॅडम मात्र पोट धरून हसल्या. आता पुन्हा नमुना, गावच्या डॉक्टरनं दिलेली अण्णाची अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आत.

१३ ऑगस्ट
ह्या वेळी मीच गेलते आणायला. उंदरांच्या आतड्यातले स्वतःचे जंतू औषधानं आधीच मारलेले. आज नळीनं नमुना त्यांच्या पोटात सोडला. एका गटाला अण्णाचे जंतू, दुसऱ्याला धडधाकट माणसाचे.

२ सप्टेंबर
दोन्ही गटांच्या पाण्यात आतडं सुजवणारं एकच रसायन घातलं होतं. अण्णाचे जंतू असलेले जास्त खंगलेत. मॅडम खूष. मलाही आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. एक उंदीर तर कोपऱ्यात पाठ वाकवून, केस पिंजारून... बघवत नाही.

५ सप्टेंबर
गावी. अण्णाला मोबाइलवर उंदीर दाखवले. कोपऱ्यातला दिसला तशी त्याची थट्टा बंद.
"ह्यो असा का बसलाय?"
"पोट दुखतंय त्याचं."
मोबाइल मला परत दिला. मग म्हणाला, "मी बी असाच बसतोय. गोठ्यात. तुमास्नी दिसू नये म्हणून."
चुलीपाशी वहिनीचा हात थांबला. मला अण्णाचा राग आला. एवढं सोसायचं, आणि कुणाला सांगायचं नाही?
"चल, येतो तुझ्या दवाखान्यात," म्हणाला.

९ सप्टेंबर
अण्णा आमच्याच इस्पितळाच्या वॉर्डात. सलाइन, स्टिरॉइड. लागू पडलं तर ठीक, नाहीतर आतडं काढावं लागेल म्हणाले डॉक्टर. वहिनी उशाशी.
मी गेले की पहिला प्रश्न, "कोपऱ्यातलं कसं हाय? त्येला बी औषध चालू केलं न्हवं?"
मी हो म्हणाले. साफ खोटं. ह्या प्रयोगात त्याला औषध नाहीच. परवा सगळ्या उंदरांना मारून आतडी तपासायची आहेत.
आज निघताना हात धरला त्यानं. "त्ये बरं झालं की मी बी व्हतोय बग."
उद्या परत विचारेल. परवाही विचारेल.