देव्हाऱ्यातला शांत बल्ब

॥ श्री ॥
काशी, संकठा घाट
शुक्रवार, ११ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. पद्मास यज्ञेश्वरदादाचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? इकडे बरं म्हणायचं. माझे गुडघे आणि इथली वीज, दोन्ही आपल्या मर्जीनं चालतात.

आमच्या चिरंजीवांचा, देवव्रतचा, हुकूम तुझ्या कानावर आलाच असेल. आम्ही दोघांनी काशी सोडून पुण्याला त्याच्याकडे राहायचं. विजेच्या वस्तूंची यादी पाठवा, चालू काय, बंद काय. यादी आली की ट्रक ठरवतो म्हणाला. कागदावर अर्ध्या तासाचं काम. पण दिवाळीत तो आपला जुना कॉम्प्युटर इथे ठेवून गेला, आणि मी (गोदौलियाच्या फुटपाथवरचं, शेवटची बारा पानं गळालेलं पुस्तक वाचून) प्रोग्राम लिहायला शिकलो. यादी त्यावरच करीन, असं कळवून बसलो. हौस, दुसरं काय!

प्रोग्राम साधा आहे. एकेक खोली घेतो, वस्तू विचारतो, मग चालू की बंद ते विचारतो. तिसरंच उत्तर मिळालं की सगळं पुसून पुन्हा पहिल्या खोलीपासून. पंखा चालू, कूलर बंद (माकडांनी वायर तोडली), रेडिओ थापट मारली की चालू. इथवर बिनबोभाट. मग येतो देव्हाऱ्यातला बल्ब, दसऱ्याला उडालेला. मी बंद लिहायला गेलो तर तुझी शरदिनीवहिनी कडाडली, "देवापुढच्या दिव्याला बंद म्हणता? शांत झालाय म्हणा!" म्हटलं, अगं, मशीनला शांत कळत नाही. "मग शिकवा त्याला!" लिहिलं शांत, आणि आलो परत पंख्यापाशी. रविवारपासून अकरा वेळा तोच पंखा मोजला. नवा बल्ब आणतो म्हटलं तर म्हणते, "निघायचंच आहे तर कशाला?"

थकलो गं. घाटावर रोज कुणीतरी विचारतं, "पंडितजी, कब जा रहे हैं?" मी म्हणतो, "लिस्ट बन रही है."

तुझा,
यज्ञेश्वरदादा

ता. क. देवव्रत आत्याचं ऐकतो. त्याला सांग, तुझे बाबा यादीसाठी जिवाचं रान करताहेत, घाई नको. ट्रक तर मुळीच नको.

आणखी ता. क. चूक मला मंगळवारीच सापडली. एक ओळ घातली की मशीनला शांतही चालेल. तुझ्या वहिनीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यात नका घालू." मग उडालेला बल्ब काढून पदरानं पुसला आणि परत लावला.