नात मला ‘व्हू’ म्हणते

२ जुलै
कॉलेजातल्या संध्याकाळच्या फ्रेंच वर्गात नाव घातलं. परदेशातली लेक आणि जावई घरी फ्रेंचच बोलतात. सहा वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. ठीक आहे, मीच शिकतो! डिसेंबरात तिकडे जाईन तेव्हा तिला मांडीवर घेऊन फ्रेंचमध्ये गोष्ट सांगणार. बेत पक्का. ही म्हणाली, आधी मोबाइल सरळ धरायला शिका.

९ जुलै
वर्गातली पोरं मला काका म्हणतात. माझे उच्चार ऐकून मागचा बाक खिदळतो. हेवा, दुसरं काय! उद्यापासून पहाटे उठून क्रियापदं पाठ करणार.

१० जुलै
उठलो नाही. झोप पूर्ण झाली की पाठांतर पक्कं होतं म्हणे.

२१ जुलै, रविवार
व्हिडिओ कॉल. नातीला नाव विचारलं, वय विचारलं, टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी तेही विचारलं. पोरगी ताठ बसून धडाधड उत्तरं देत होती. आणि मला ‘व्हू’ म्हणाली! फ्रेंचमध्ये ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. तिकडे वाढूनही आजोबांना अहो-जाहो! डोळेच भरून आले.
मग ही मध्ये घुसली. टॉवेलाआडून ‘भॉ’ केलं. नात लोळून लोळून हसली आणि हिला चक्क ‘त्यू’ म्हणाली. हिला वाईट वाटायला नको म्हणून गप्प बसलो. लहान आहे, शिकेल.

४ ऑगस्ट, रविवार
आजही व्हू. वर ‘मस्यो’सुद्धा. म्हणजे श्रीयुत! लेकीला म्हटलं, संस्कार छान केलेस हो. ती म्हणाली, तिकडे पाऊस कसा आहे? नेट खराब असावं.

५ ऑगस्ट
वर्गात हे अभिमानाने सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, काका, तिकडे घरच्या माणसांना त्यूच म्हणतात, आजोबांनासुद्धा. व्हू म्हणजे परक्यांना, नाहीतर शाळेतल्या बाईंना.
मागच्या बाकावरून आज कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मॅडम तरुण आहेत. अनुभव कमी पडतो.

१७ ऑगस्ट
तरीही मॅडमकडून एक वाक्य घेतलं. ‘बाळा, मला त्यू म्हण.’ दाढी करताना आरशासमोर घोटलं. ही म्हणाली, कुणाच्या विनवण्या चालल्यात? उद्या एका वाक्यात काम फत्ते.

१८ ऑगस्ट, रविवार
बोललो. एकही चूक नाही. मॅडमनी पैकीच्या पैकी दिले असते.
नातीने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, ‘वी, मस्यो.’ हो, श्रीयुत. मग माझ्या खांद्यामागे डोकावत, तिला येणारा एकुलता एक मराठी शब्द उच्चारला. आजी?
फोन हिच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर दोघी हसत होत्या. फार लागलं.
लेकीने नंतर वेगळा फोन केला. म्हणाली, बाबा, मनावर घेऊ नका, तिला वाटतं तुम्ही ऑनलाइन शिकवणारे सर आहात. जरा कमी प्रश्न विचारा.
नका. तुम्ही. विचारा. लेकसुद्धा आईला पहिल्यापासून ‘अगं’ म्हणते आणि मला ‘अहो’. इतकी वर्षं मला तो मान वाटत होता.
माझी आई गेल्यापासून मला ‘अरे’ म्हणणारं कुणीच राहिलेलं नाही.

१९ ऑगस्ट
वर्गाला गेलो नाही. गुडघा दुखतोय.
चहा घेताना हिला म्हटलं, एकदा मला ‘अरे’ म्हणून बघ ना. तिने कप खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, ‘अहो, काहीतरीच काय!’