स्टेअरिंग नसलेल्या जीपची व्यवस्था

मी, शालिकराम भिवाजी कळंबे, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी मालमोटार व सवारी जीप चालविणे, हल्ली काही नाही, राहणार सौसर, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी दोष हृदयात काढला आहे, डोक्यात नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. दाखवायला आले होते त्यांना दारातूनच परत पाठवले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे एखादे निघालेच तर ते बनावट समजावे, आणि कोणाच्या पेटीतून निघाले ते आधी पाहावे.

हा कागद मी घरी न लिहिता लोधीखेड्याला, माझे जुने सोबती मोतीराम यांच्या गॅरेजमागच्या खोलीत बसून लिहीत आहे. माझी पत्नी सौ. पंचफुला आणि धाकटा भाऊ मनोहर यांना माझ्या हयातीत याचा वाससुद्धा लागता कामा नये. कारण पाचव्या कलमात येईल. मधली कलमे सोडून कोणी तिकडे उडी मारू नये. प्रकाश, हे तुला सांगतो आहे.

कलम पहिले. सौसरचे राहते घर पंचफुलाचे. ती असेपर्यंत “चला आई, आमच्याकडे राहा” असे गोड बोलून कोणी घर रिकामे करून घेऊ नये. तिच्यानंतर ते मुलगा प्रकाश याचे. प्रकाश छिंदवाड्याला नोकरीत आहे, सुटीत येतो, पाया पडतो, सगळे व्यवस्थित. पण गेल्या दिवाळीत तो घराच्या मागच्या बाजूच्या माझ्या कामाच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उगाच चालत होता. विचारले तर म्हणे पाय मोकळे करतो. पाय मोकळे करणारा माणूस भिंतीला टाच टेकवून वळत नाही. खोली भाड्याने द्यायची त्याची इच्छा मला कळलेली आहे. माझ्यामागे खुशाल द्यावी, फक्त त्याआधी तिसऱ्या कलमातले कपाट बाहेर काढावे, आणि तेही आडवे न करता.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक पंचफुलाची. बोरगावची संत्र्याची बाग प्रकाशची. आंबिया बहराची फळे हिरवी असताना बाग व्यापाऱ्याला देऊ नये. घरात येऊन चहाची फार तारीफ करणाऱ्या व्यापाऱ्याला तर मुळीच देऊ नये, कारण असा एक माणूस मला चांगला आठवतो.

कलम तिसरे, कपाटाबाबत. त्यात मी बाळगलेल्या चार गाड्यांच्या प्रतिकृती आहेत: मालमोटार, लँडमास्टर कार, मोटारसायकल आणि जीप. गाडी विकायची ठरली की मी तिची मापे सुतळीने घेत असे आणि सुतळीला गाठी मारून ती खिळ्याला टांगत असे. गाडी गेल्यावर त्या गाठींवरून, खऱ्याच्या एका फुटाला एक इंच धरून, लहान गाडी करायची. लाकूड संत्र्याच्या पेट्यांचे, पत्रा डालड्याच्या डब्याचा, टायर त्याच गाडीच्या जुन्या टायरचे रबर कापून. काचा माझ्याच छातीच्या एक्स-रेच्या फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन केल्या आहेत.

यातली लँडमास्टर प्रकाशला द्यावी. पंचफुलाला नागपूरला नेत असताना तो सावनेरच्या अलीकडेच, त्या गाडीच्या मागच्या सीटवर जन्मला. तेवढा हक्क मी मानतो. मोटारसायकल मुलगी इंदू हिला, मोहगावला पोचती करावी. तिने आजवर कपाटातले काही मागितले नाही, याचा मला आधी संशय आला होता; आता नाही. करवत, रंधा, कानशी ही हत्यारे हिरामण सुताराला. ती त्याने कोणाला उसनी देऊ नयेत.

कलम चौथे, चोरीबाबत. जीप मी कामठीच्या लष्करी लिलावात घेतली होती. स्टेअरिंग डाव्या हाताला. सवाऱ्या नेहमी चुकीच्या बाजूने चढायच्या आणि माझ्या मांडीवर बसता बसता राहायच्या. सगळ्या गाड्यांत माझा जीव तिच्यात होता, म्हणून ती शेवटी विकली आणि तिची प्रतिकृतीही शेवटी करायला घेतली. गेल्या वर्षी ती पुरी होत आली, फक्त नंबरप्लेट राहिली होती, तेव्हा एका सकाळी तिचे स्टेअरिंग गायब. दुसरे केले. मग स्टेपनी गेली. ती केली, तर डावा हेडलाइट गेला. दर वेळी एकच काम उरलेले असताना.

मी कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली करदोट्याला बांधली. आंघोळीला जाताना ती खुंटीवर ठेवावी लागे, तेवढाच वेळ. दाराच्या फटीत केस चिकटवून पाहिला, तोही तुटलेला सापडला. संशय मनोहरवर. तो पांढुर्ण्याहून दर महिन्याला तब्येत पाहायला येतो, पिशवी घेऊन येतो आणि बरोबर कपाटासमोरच बसतो. शिवाय खऱ्या जीपची खरी स्टेपनी याच माणसाने लोधीखेड्याच्या एका लग्नात हरवली आणि आजतागायत “कोणी नेली असेल” याच्यापुढे गेला नाही. मी त्याला तोंडावर चोर म्हटले, अनेकदा. तो मान खाली घालून चहा पीत राहिला. गप्प बसणे म्हणजे कबुली, असे मी धरून चाललो.

कलम पाचवे. मागच्या महिन्यात मनोहर यायच्या दिवशी मी मोहगावला इंदूकडे जातो असे सांगून निघालो, आणि घरामागच्या वाडीच्या बाजूने परत येऊन कामाच्या खोलीत संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांमागे बसलो. किल्ली मुद्दाम विसरल्यासारखी खुंटीवर ठेवली होती. दुपारी मनोहर आला. पंचफुलाने त्याला पाणी दिले, किल्ली घेतली, कपाट उघडले, आणि नवे स्टेअरिंग दोन बोटांनी अलगद काढून पदरात बांधले. मनोहर नुसता पाहत होता. त्यांचे बोलणे जसे ऐकले तसे लिहितो.

पंचफुला म्हणाली, “भाऊजी, आळ तुमच्यावर येऊन राह्यला. मले सांगून टाकू द्या ना त्याईले.”

मनोहर म्हणाला, “नका सांगू वैनी. मले शिव्या देते तवा दादाचा आवाज कसा खणखणीत निंघते, आयकता ना तुमी? देऊ द्या.”

मग ती म्हणाली, “पोळ्याच्या ताटावर बसून म्हटलं त्याईनं, हे शेवटची जीप पुरी झाली का मी मोकळा. वास्तू तथास्तु म्हनते. मंग मी कशी पुरी होऊ देऊ?”

असे मी म्हटले होते खरे. पुरणाची पोळी खाता खाता, सहज. मला ते आठवतही नव्हते. त्या पेट्यांमागे मी रडलो. कायद्याच्या कागदात असे लिहितात की नाही मला माहीत नाही, पण माझे तिच्यावर फार प्रेम आहे आणि ते मी कधी तोंडाने सांगितलेले नाही, म्हणून इथे साक्षीदारांसमोर लिहून ठेवतो.

कलम सहावे. मनोहर चोर नाही. मालमोटारीची प्रतिकृती त्याची. लोधीखेड्याची खरी स्टेपनी मात्र त्याच्याच नावावर राहील. जीप पंचफुलाची, माझ्यामागे ज्या स्थितीत सापडेल त्या स्थितीत. तिच्यात जे कमी असेल ते कमीच ठेवावे. हिरामणने किंवा आणखी कोणी हौसेने ती पुरी करायला घेऊ नये. तुरीच्या डाळीच्या डब्याच्या तळाशी आजवर गेलेले सगळे भाग आहेत. मी पाहून आलो आणि डाळ होती तशी पसरून ठेवली.

कलम सातवे. मला हे कळले आहे, हे त्या दोघांना कळता कामा नये. कळले तर पंचफुला भाग काढणे सोडून देईल आणि धास्तीत राहील. म्हणून मी किल्ली खुंटीवर विसरत राहणार, गेलेला भाग पुन्हा करत राहणार, आणि घरात चोर आहे असे ओरडत राहणार. काल नवे स्टेअरिंग बसवले, नंबरप्लेट तेवढी राहिली आहे. मनोहर येत्या रविवारी येतो आहे. या खेपेला त्याची पिशवी ओट्यावर उलटी करायची, असे ठरवले आहे.

सही: शालिकराम भिवाजी कळंबे

वरील गृहस्थांनी हा मजकूर आम्हाला वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली. आम्ही दोघांनी यातले अक्षरही बाहेर न काढण्याचे त्यांना वचन दिले आहे. ते त्यांनी आमच्याकडून तीनदा घेतले.

साक्षीदार: १. मोतीराम सखाराम डोंगरे, लोधीखेडा
२. गुणवंता नथ्थू पराडकर, लोधीखेडा

स्थळ: लोधीखेडा, तहसील सौसर
दिनांक: १२ मार्च १९८६