गोवर उतरल्यानंतर

माय,

मी काय काम करते ते पाहायला तू राहिली नाहीस. असतीस तर म्हणाली असतीस, "इतकी शिकली अन् लेकरायचं रक्त काढत बसते काय वं?" हो, तेच करते. आजाराशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, त्यांना साखरेच्या बारीक साखळ्या चिकटलेल्या असतात. डब्यातली साखर नव्हे, ही शरीर स्वतःच जोडतं. लढाई पेटली की या साखळ्यांची ठेवण बदलते. ताप उतरलेल्या, अंगणात हुंदडणाऱ्या पोराच्या रक्तातही कधी कधी ती बदललेलीच सापडते. वरून पोर बरं, आतून लढाई चालूच. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझा जेवणाचा डबा तसाच राहिला. मला आपली पिंपळगाव राजाची चूल दिसत होती.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आपल्या धाकटीला गोवर आला. दाराला कडुनिंब, घरात फोडणी बंद, कारण देवीला ती तडतड खपत नाही. बाबा खामगावच्या कापसाच्या जिनातून थकून यायचे आणि बिनफोडणीचं वरण मुकाट गिळायचे. मग पुरळ उतरलं, तिला आंघोळ घातली, ती माझ्या वेण्या ओढायला लागली. "माय, आज फोडणीचं वरण कर ना वं," तीच म्हणाली. तू लसूण ठेचतेस, हसतेस, तेलात मिरची टाकतेस आणि सगळं घर खोकतं. इतक्या खुशीत मी तुला पुन्हा कधीच पाहिलं नाही.

संध्याकाळी तिचं अंग पुन्हा तापलं. सकाळी श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बाबा तिला घेऊन खामगावच्या दवाखान्यात निघाले आणि दुपारी तिला तशीच घेऊन परतले, ती वाटेतच गेली होती. आत्या दारातच म्हणाली, "फोडणी देल्ली काऊन तूनं? चार दिस दम नाही निंघाला?" तू एवढंच म्हणालीस, "माह्यं चुकलं व बाई." पुढं गल्लीत कुणाचं पोर आजारी पडलं की तू त्या घराची पायरी चढायची नाहीस. मला राग यायचा. कुणाचा, तेही कळायचं नाही.

गेल्या आठवड्यात एका आजारी पोराची आई मला म्हणाली, "मॅडम, माझंच काही चुकलं का?" मी पटकन म्हटलं, नाही हो, तुमचा काय दोष! किती सोपं होतं ते. तुला तसं म्हणावं तर तू नाहीस.

धाकटीचं रक्त कधी कुणी तपासलं नव्हतं. पण ती त्या वरणानं गेली नाही, एवढं मी छातीठोक सांगते. फक्त तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू पदर सावरून विचारशील, "मंग कायनं गेली वं थे?" साखळ्या एवढंच सांगतात की शरीर लढतंय. तिचं का हरलं, ते मला आजही सांगता येत नाही, माय. फोडणी हे तुझ्याजवळ निदान एक उत्तर तरी होतं. तेही काढून घेतलं तर तुझ्या हातात मी काय ठेवू? खरं सांगते, तू हे वाचणार नाहीस म्हणूनच लिहायचं धाडस झालं.