ठिपके जुळतात ती जागा

मंगळवार, १ मार्च

...राख काढून झाली होती. बटाटे सोलून पाण्यात टाकले होते. माझ्या नवऱ्याचा, झेनोनचा, डबा भरला – चार पाव, दोनांत चरबी आणि कांदा, दोनांत अंडे. त्याने अंगणातला बर्फ बाजूला केला, बूट आपटून आत आला, चहा उभ्यानेच प्यायला. जाताना म्हणाला, "दार नीट लाव, वारा आहे." बस. दुपारी सव्वाबाराला तो कारखान्यात भट्टीपाशी कोसळला. त्यापुढचे मला आठवायचे नसते, म्हणून मी सकाळच घोळवत बसते. चौदा महिने झाले.

आज हे भर कामाच्या वेळी आठवायचे कारण – व्रोत्स्वाफ शहरातून आलेली ती मुलगी. माल्विना. नव्या मालकाने पाठवली आहे. तिने आम्हा मातीचे मग रंगवणाऱ्या चौघींना एका खोलीत बसवले आणि म्हणाली, "डोळे मिटा आणि स्वतःचं वर्णन तीन शब्दांत करा." मी डोळे मिटले. राख, बटाटे, डबा!

मग वीस प्रश्न. मग निकाल. म्हणे कामाच्या जागी माणसे चार स्वभावांची असतात. लाल म्हणजे हुकूम सोडणारी. पिवळी म्हणजे बडबडी, हसरी. हिरवी शांत, सगळ्यांना सांभाळून घेणारी. निळी मोजूनमापून चालणारी. उर्शुला लाल निघाली. ती म्हणाली, "परीक्षा कशाला घेतलीत? माझ्या नवऱ्याला विचारायचं, त्याने फुकटात सांगितलं असतं!" ब्रोन्या पिवळी. दानुता आणि मी हिरव्या. निळी कोणीच नाही. त्यावर ब्रोन्या ओरडली, "घ्या! दिवसभर निळा रंग लावून लावून नखंसुद्धा निळी झाली, आणि निळी एकही नाही!"

जाताना माल्विना माझा हात धरून म्हणाली, "गेन्याबाई, तुम्ही या गटाचा खांब आहात. काहीही होवो, तुमच्यात फरक पडत नाही."

घरी येईपर्यंत हे वाक्य बुटात खडा गेल्यासारखे टोचत होते.

बुधवार, २ मार्च

आता कळले परीक्षा कशासाठी होती. व्यवस्थापक दुदेक साहेबांनी मला एकटीला बोलावले. जपानची मोठी मागणी तुटली आहे. रंगवण्याच्या खोलीत चौघींऐवजी तिघीच राहणार. एक जण एक एप्रिलपासून पॅकिंगला – रेल्वेरुळांपलीकडची ती पत्र्याची शेड. तिथे खोकी बांधायचे यंत्र आहे आणि एक माणूस. माणूस म्हणजे जी जाईल तीच.

"गटप्रमुख तुम्ही. प्रत्येकीबद्दल फॉर्म भरा. वागणं कसं, जागेवर बसते का, फळ्या किती भरते. मालकाला कागद हवा आहे. मी तोंडी काही सांगितलं तर तो म्हणेल, दुदेक आपल्या माणसांना सांभाळतो."

"माझ्याबद्दल कोण भरणार?"

"तुमच्याबद्दल काय भरायचं?" ते हसले.

येताना वाचनालयातून स्वभावांवरचे एक जुने पुस्तक आणले. आठवी झालेल्या बाईला जमेल एवढे सोपे आहे. हजार वर्षांपूर्वीही वैद्य माणसांचे चारच प्रकार मानत – रक्तावरून, पित्तावरून. म्हणजे माल्विनाने नवीन काहीच काढलेले नाही, फक्त रंग दिला आहे. तो तर आम्हीही देतो.

गुरुवार, ३ मार्च

ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्यापूर्वीचा शेवटचा गुरुवार. ब्रोन्याने घरून तीस डोनट तळून आणले, आत गुलाबाचा मुरंबा. खाऊ घालत खोलीभर फिरत होती. मी मनात म्हणाले, बघ, पुन्हा उठली. फॉर्म डोक्यात बसला की माणसाकडे नुसते बघताच येत नाही!

शनिवार, ५ मार्च

पुस्तकात लिहिले आहे, स्वभाव बदलत नाही, फक्त झाकता येतो. हे वाचून पुस्तक मिटले.

झेनोन कोणत्या रंगाचा? घरात तो दिवसाला वीस वाक्ये बोलत असेल. तीस वर्षे मी त्याला शांत माणूस म्हणून ओळखले. अंत्यविधीच्या दिवशी भट्टीवरची माणसे मला म्हणाली, "आता तिकडे फार सुनं वाटेल, झेनोनचं गाणं नाही." कसले गाणे? म्हणाली, तो तर रोज मोठ्याने गायचा, सैन्यातली गाणी, फाजीलसुद्धा. मी घरात त्याला गुणगुणतानाही ऐकले नव्हते. तेव्हापासून वाटते, मी अर्ध्याच माणसाबरोबर राहिले. उरलेला अर्धा भट्टीपाशी होता.

सोमवार, ७ मार्च

फॉर्म भरला. तीनदा लिहिला, दोनदा फाडला.

उर्शुला – आवाज मोठा, हात त्याहून मोठा, दोन फळ्या दीड वाजायच्या आत. दानुता – सावकाश, पण दोन फळ्या भरतेच. ब्रोन्या – इथे पेन थांबले. एका फळीवर बारा मग बसतात. रोज प्रत्येकीने दोन फळ्या भरायच्या. ब्रोन्याच्या दुसऱ्या फळीवर सात, आठ. वर्षभर हेच. मी कधी बोलले नाही, कारण ती आहे म्हणून खोलीत जीव आहे. पण फॉर्ममध्ये जीव लिहायला रकाना नाही. मी खरे ते लिहिले: "वारंवार जागेवरून उठते. बोलते फार. काम पूर्ण करत नाही."

खोटे एकही अक्षर नाही. मग हात धुवावेसे का वाटले?

मंगळवार, ८ मार्च

महिला दिन. दुदेक साहेबांनी चौघींना एकेक ट्यूलिप दिले. माझा फॉर्म त्यांच्या काखेतल्या फाइलीत होता.

शुक्रवार, ११ मार्च

"वाटलं होतंच," दुदेक साहेब म्हणाले. "ब्रोन्या. कागदावर स्पष्ट आहे. पंचवीस तारखेला सांगू तिला, तोवर तुम्ही गप्प."

गप्प राहायला मी हिरवीच आहे!

ब्रोन्या दुपारी म्हणाली, "काय गं गेन्या, दात दुखतोय का? तोंड असं का केलंयस?" मी म्हणाले, हो, दात. तिने पर्समधून लवंग काढून दिली. दुखत नसलेल्या दातात लवंग धरून मी दोन वाजेपर्यंत बसले.

सोमवार, १४ मार्च

घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि कशाला आले ते विसरते. पडदे धुतले. स्वच्छच होते.

बुधवार, १६ मार्च

हे नीट लिहून ठेवायला हवे.

रोज दीडच्या सुमारास मी दिवसाची यादी घेऊन भट्टीकडे जाते. दहा मिनिटांचे काम. परत येते, ब्रश धुते, फळी उचलून मांडणीवर ठेवते. आज फळी उचलताना कडेचा एक मग डगमगला म्हणून हातात घेतला. काठाभोवती ठिपक्यांची ओळ. ही ओळ जिथे सुरू होते तिथेच येऊन मिटते, आणि शेवटचा ठिपका कधीच बरोबर बसत नाही – थोडा दाटीचा किंवा थोडा सुटा. ती जागा प्रत्येकीची ठरलेली असते. मी ती कानाखाली लपवते. या मगावर ती कानाच्या समोर होती. भर उजेडात, लपवण्याची पर्वाच नाही!

कानासमोर जुळवणारी आमच्यात एकच आहे.

दुसरा मग पाहिला. माझा. तिसरा माझा. चौथा ब्रोन्याचा. बारांपैकी पाच ब्रोन्याचे निघाले. तिच्या फळीवर सात होते.

माझ्या फळीवर माझ्या नावाची चिठ्ठी आहे. ब्रोन्या पाठमोरी होऊन स्कार्फ बांधत होती आणि दानुताला कुणाच्या तरी लग्नाची गंमत सांगत होती. मी फळी मांडणीवर ठेवली.

गुरुवार, १७ मार्च

पूर्वी आम्ही सगळ्याच हे करायचो. जिचे आधी आटोपेल तिने शेजारणीच्या फळीवर मग सरकवायचे. दानुता गरोदर होती तेव्हा मीही चार महिने सरकवले. नव्या मालकाने फळ्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावल्या तेव्हा ते बंद पडले, असे मी समजत होते.

आज उर्शुलाला फाटकापाशी गाठले. आडवळणाने विचारायला मला येत नाही.

"ब्रोन्या माझ्या फळीवर मग ठेवते?"

"आता कळलं होय तुला?"

"कधीपासून?"

"झेनोन गेला तेव्हापासून. तू रजेवरून आलीस ना, त्या आठवड्यापासून."

"पण का? मी काय एवढी हळू झाले? यादी द्यायला जाते तेवढी दहा मिनिटं..."

उर्शुलाने माझ्याकडे पाहिले. ती कधी आवाज खाली करत नाही. तिने केला.

"दहा मिनिटं? अगं बाई, तू पाऊण तास उभी असतेस तिथे. कधी तासभर. भट्टीकडे तोंड करून. भट्टीवाले तुला वळसा घालून जातात. आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे."

शनिवार, १९ मार्च

मला माहीत नव्हते. शपथेवर सांगते, मला दहाच मिनिटे वाटायची.

काल मुद्दाम घड्याळ बघून गेले. दीड वाजायला पाच मिनिटे कमी. यादी दिली. भट्टीची ऊब तोंडावर आली. लगेच वळले – असे मला वाटले. घड्याळात दोन वाजून सात मिनिटे. आणि फळी भरलेली.

"वारंवार जागेवरून उठते." माझे अक्षर, माझी सही. उठत होती ती माझ्या फळीपर्यंत यायला.

रविवार, २० मार्च

चर्चनंतर झेनोनच्या कबरीवर गेले. मेणबत्ती लावली, पाने झाडली. तो कबरीत नाही. तो भट्टीपाशी आहे. म्हणून तर मी तिथे जाते.

खरे लिहिते, इथे कोण बघणार आहे. दुदेक साहेबांना सांगितले तर पाऊण तासाचेही सांगावे लागेल. मग पॅकिंगला मी. तिथे भट्टी नाही. रूळ ओलांडून कोण सोडणार आहे मला रोज? पेन्शनला तीन वर्षे आहेत. गप्प राहिले तर तीन वर्षे रोज पाऊण तास. एकूण किती तास होतात, हिशेब केला! कबरीसमोर उभी राहून! आणि ब्रोन्या गेल्यावर फळी कोण भरणार, याचाही विचार केला. इतकी खाली गेले.

माल्विनाकडे याला रंग आहे का?

सोमवार, २१ मार्च

ब्रोन्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेले. वसंताचा पहिला दिवस म्हणतात, पण गारा पडत होत्या.

"तू माझ्या फळीवर मग ठेवतेस."

"कोण म्हणतं?"

"ठिपके म्हणतात. कानासमोर जुळलेले."

"हात्तिच्या!" ती हसली. "नुसतं बसून माझे पाय मुंग्यांनी भरतात गं. माझं साडेबाराला होतं. पुढे काय करू, भिंती मोजू? तुला सांगितलं असतं तर तू घेतले असतेस?"

"नाही."

"मग? गप्प केलं. मला गप्प काही करता येतं हे माझ्या आईलासुद्धा पटणार नाही!"

मग मी तिला फॉर्मचे सांगितले. ती तीन वाक्येही सांगितली, एकही शब्द मऊ न करता. ती थांबली. गारा तिच्या स्कार्फवर पडत राहिल्या. इतका वेळ ब्रोन्या न बोलता उभी राहिलेली मी सोळा वर्षांत पाहिली नाही.

"खोटं नाही लिहिलंस," ती शेवटी म्हणाली. "उठतेच मी." आणि थोड्या वेळाने, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात, "पण तिकडे मी बोलायचं कुणाशी, गेन्या? खोक्यांशी?"

बस आली. ती चढली. हात हलवला नाही.

बुधवार, २३ मार्च

काल सकाळी सहाच्या आधी दुदेक साहेबांच्या दारात उभी राहिले. फॉर्म परत मागितला. ब्रोन्याच्या नावापुढचे खोडून लिहिले: "रोज दोन फळ्या पूर्ण. त्यातले पाच मग चौदा महिने माझ्या फळीवर." पाऊण तासाचेही लिहिले. पॅकिंगच्या रकान्यात माझे नाव घातले, सही केली. मग जागेवर जाऊन बसले आणि दोन वाजेपर्यंत उठले नाही, यादी घेऊन भट्टीकडे जायलाही नाही.